रॉकेट गणितावर उडतं, पण ते गणित मांडायला कोणी लावलं?

गेल्या रविवारी रात्री भाचीचा फोन आला. सातवीत आहे. आवाज रडवेला. "आत्या, बाबांनी माझी अवकाशाची सगळी गोष्टीची पुस्तकं खोक्यात भरून माळ्यावर टाकली. दहावी होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणाले." मी लगेच दादाला फोन लावला. तो चिडला नाही, वादही घातला नाही. एवढंच म्हणाला, "तुला एक मेसेज पाठवतो. वाच, मग बोलू."

तो मेसेज मी आधीच वाचला होता. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला, कॉलेजच्या स्टाफच्या ग्रुपवरसुद्धा आला. तिन्ही वेळा मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं. आता तो माझ्या घरातल्या मुलीपर्यंत पोचला आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजचं शीर्षक आहे 'मुलांना गोष्टी नको, गणित द्या'. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रॉकेट गणितावर उडतं. कथा, सिनेमे, मालिका यांचा अवकाशविज्ञानाशी काडीचा संबंध नाही. एकाही मोठ्या रॉकेटशास्त्रज्ञाने असल्या गोष्टींत वेळ घालवला नाही. अमेरिकेत एवढे सिनेमे निघाले, तरी तिथल्या निम्म्या लोकांना चंद्रावर जाणं म्हणजे पैशाची उधळपट्टी वाटत होती. आपली इस्रो टीव्ही-सिनेमाच्या वाटेला गेली नाही, म्हणून यशस्वी झाली. मुलींना तर या कल्पनाविश्वाचा नाद अजिबात लावू नये, त्यातून त्यांच्या हाती काही लागत नाही. आणि अगदी शेवटी, चंद्रावर माणूस उतरल्याचं चित्रण स्टुडिओतलंच होतं.

मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आहे. गणिताची बाजू घेणाऱ्या माणसाशी मी कशाला भांडू? माझं भांडण 'एकाही शास्त्रज्ञाने' या दोन शब्दांशी आहे. ते धडधडीत खोटं आहे, आणि पुढचा सगळा डोलारा त्याच दोन शब्दांवर उभा आहे.

रॉकेटविज्ञानाचे जनक म्हणून तीन नावं घेतली जातात. रशियाचा कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की, अमेरिकेचा रॉबर्ट गॉडर्ड आणि आजच्या रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात जन्मलेला जर्मन भाषिक हर्मान ओबर्थ. तीन वेगळे देश, तीन वेगळ्या भाषा, आणि सुरुवातीला एकाला दुसऱ्याच्या कामाची खबरही नव्हती. तरी तिघांच्याही डोक्यात ठिणगी पडली ती गोष्टीतून.

त्सिओल्कोव्हस्कीला लहानपणी आजारपणात ऐकू येईनासं झालं, शाळा सुटली. मॉस्कोच्या वाचनालयात बसून तो स्वतःच्या बळावर शिकला आणि पुढे कालुगा नावाच्या गावात मास्तरकी करू लागला. रॉकेटचं जे समीकरण आजही प्रत्येक उड्डाणाच्या आकडेमोडीच्या मुळाशी असतं, ते त्याने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलं. रॉकेटचे हिशेब करावेत असं डोक्यात कुठून आलं, हे सांगताना त्याने फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नचं नाव घेतलं आहे. पहिलं बी बहुधा त्यानेच पेरलं, असं तो म्हणतो. तो स्वतःही अवकाशाच्या कथा लिहायचा. म्हातारपणी त्याने एका रशियन अवकाशपटाला सल्लागार म्हणून मदत केली, यानाचे आराखडे काढून दिले. तो सिनेमा १९३६ मध्ये पडद्यावर आला तेव्हा तो हयात नव्हता.

गॉडर्डने वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, १८९८ मध्ये, एच. जी. वेल्सची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी बोस्टनच्या एका दैनिकात क्रमशः वाचली. पुढच्या वर्षी १९ ऑक्टोबरला तो वाळक्या फांद्या तोडायला चेरीच्या झाडावर चढला होता. तिथे बसल्याबसल्या त्याला वाटलं, मंगळापर्यंत जाईल असं एखादं यंत्र करता आलं तर! ती तारीख तो आयुष्यभर स्वतःचा सण म्हणून पाळत राहिला. १६ मार्च १९२६ ला त्याने द्रव इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं. अडीच सेकंद उडालं, १२ मीटर वर गेलं. १९३२ मध्ये त्याने वेल्सला पत्र पाठवून कळवलं की तुमच्या त्या कादंबरीचा माझ्यावर केवढा खोल ठसा उमटला आहे. आता याला 'वेळ घालवणं' म्हणायचं का?

मेसेज लिहिणाऱ्याचा व्यवहारी सूर ओळखीचा वाटतो, कारण गॉडर्डनेही तो ऐकला होता. १३ जानेवारी १९२० च्या अंकात न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात त्याची टर उडवली. निर्वात पोकळीत रॉकेटला रेटा द्यायला काही नसतं, शाळेत शिकवतात तेवढंही भौतिकशास्त्र या प्राध्यापकाला ठाऊक नाही, असा त्याचा मथितार्थ. चूक अग्रलेखाचीच होती. रॉकेट मागे वायू फेकून पुढे जातं, त्याला रेटायला हवा लागत नाही. माणसाला चंद्रावर नेणारं अपोलो ११ उडालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्या दैनिकाने दुरुस्ती छापली. गॉडर्डला जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.

ओबर्थवर मात्र मी थांबणार आहे. कारण गोष्ट आणि गणित एकमेकांचे वैरी आहेत, हा मेसेजचा पाया त्याच्या उदाहरणापुढे टिकत नाही.

ज्यूल व्हर्नची चंद्रावर जाण्याची कादंबरी १८६५ ची. फ्लोरिडात जमिनीत एक अजस्र तोफ ओततात आणि गोळ्यात तीन माणसं बसवून ती चंद्राकडे डागतात. मराठी वाचकाला ही गोष्ट नवी नाही. १९०० मध्येच 'केरळकोकिळ' मासिकातून ती मराठीत येऊ लागली होती, आणि पुढे भा. रा. भागवतांनी 'चंद्रावर स्वारी' म्हणून ती मुलांच्या हाती दिली. ओबर्थच्या हाती ती पडली तेव्हा तो साधारण अकरा वर्षांचा होता. पुन्हापुन्हा वाचून पाठ झाली. आणि मग त्या पोराने कागद घेतला आणि व्हर्नचा हिशेब तपासायला बसला.

हा हिशेब मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात फळ्यावर सोडवून घेते. तोफेची नळी ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर. गोळा नळीबाहेर पडताना वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. व्हर्नने हा वेग अंदाजपंचे घेतलेला नाही, पृथ्वीच्या ओढीतून सुटायला साधारण तेवढाच लागतो. आता गतीचं तिसरं समीकरण घ्या. अंतिम वेगाचा वर्ग, भागिले अंतराची दुप्पट. उत्तर येतं ते गुरुत्वत्वरणाच्या वीस हजार पटींहून जास्त. म्हणजे ७० किलोच्या माणसाला आपलं वजन १४०० टन झाल्यासारखं वाटणार, आणि तेही सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात. गोळा चंद्राकडे जाईल, पण आतली तिघंही माणसं नळीतच चिरडून मेलेली असतील. हे उत्तर फळ्यावर आलं की वर्ग एकदम शांत होतो. मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा विचारतो, "मग मॅडम, वेग हळूहळू वाढवला तर?"

ओबर्थ याच प्रश्नाशी पोचला. तोफ नाही, तर मग वेग हळूहळू वाढवत नेणारं काय? रॉकेट. १९२२ मध्ये त्याचा प्रबंध विद्यापीठाने नाकारला, तो त्याने १९२३ मध्ये पुस्तक म्हणून काढला, आणि त्या पुस्तकाने जर्मनीतली एक अख्खी पिढी रॉकेटमागे लागली. त्या मुलाच्या हातून अकराव्या वर्षी ते पुस्तक काढून घेतलं असतं आणि त्याऐवजी त्वरणाची पन्नास उदाहरणं दिली असती, तर त्याने ती सोडवली असती आणि वही मिटली असती. उदाहरण सोडवायला लावणं सोपं असतं. एखादं उदाहरण मुलाला स्वतःहून सोडवावंसं वाटणं अवघड असतं, आणि बावीस वर्षं वर्गात उभी राहून मी याच अडचणीशी झगडते आहे.

पुढे हाच ओबर्थ सिनेमाशी जोडला गेला. दिग्दर्शक फ्रिट्झ लांगने १९२९ मध्ये चांद्रप्रवासावर 'फ्राउ इम मोंड' हा मूकपट काढला आणि तांत्रिक सल्ल्यासाठी ओबर्थला बोलावलं. १५ ऑक्टोबर १९२९ ला बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला. प्रेक्षकांनी काय पाहिलं? एकावर एक टप्पे असलेलं रॉकेट प्रचंड शेडमधून उभंच्या उभं बाहेर येतं. वेगाचा ताण सोसावा म्हणून प्रवासी आडवे झोपलेले. आणि उड्डाणाआधी पडद्यावर उलटी मोजणी, दहापासून खाली. ही उलटी मोजणी लांगने केवळ नाट्यासाठी घातली होती. एक, दोन, तीन असं मोजत गेलं तर उड्डाण कधी होणार हे प्रेक्षकाला कळत नाही. उलटं मोजलं तर कळतं. मूकपटात आवाज नाही, म्हणून आकडे लिहून दाखवले. आज श्रीहरिकोट्याच्या उड्डाणाला आपण सगळे टीव्हीसमोर बसून दहा, नऊ, आठ म्हणतो, ती रीत रॉकेटच्या जगात आली या सिनेमातून. 'काडीचा संबंध नाही' म्हणणाऱ्याने निदान एवढं तरी पाहायला हवं होतं.

या सिनेमाची कथा-पटकथा एका बाईची, थेआ फॉन हार्बू हिची. आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नाही, पण लांगपासून वेगळी झाल्यावर तिने ज्याच्याशी लग्न केलं, तो बेळगावजवळच्या बेळगुंदीचा, बर्लिनमध्ये पत्रकारिता करणारा आयी तेंडुलकर. मेसेज म्हणतो यातून मुलींच्या हाती काही लागत नाही. चंद्रावर जायचं कसं हे जगाला पडद्यावर पहिल्यांदा नीट दाखवणारी गोष्ट एका बाईने लिहिली होती. त्या गोष्टीत चंद्रावर जाणाऱ्यांतही एक बाई आहे.

या धाग्याला एक काळी बाजूही आहे, आणि ती लपवणं मला पटत नाही. ३ ऑक्टोबर १९४२ ला जर्मनीतल्या पेनेम्युंड्याच्या तळावरून जे व्ही-२ रॉकेट पहिल्यांदा यशस्वीपणे उडालं, त्याच्या अंगावर याच सिनेमाचं चित्र रंगवलेलं होतं, चंद्रकोरीवर बसलेली बाई. ते रॉकेट हिटलरचं शस्त्र होतं. ते तयार करायला डोरा छळछावणीतले कैदी राबवले, आणि त्या छावणीत व तिच्या उपछावण्यांत सुमारे २०,००० माणसं मेली. थेआ फॉन हार्बू स्वतः नाझी पक्षाची सभासद झाली होती. गोष्ट माणसाला स्वप्न देते. त्या स्वप्नाचं माणूस काय करतो याची हमी ती देत नाही. पण ती हमी गणितही देत नाही. व्ही-२ ची आकडेमोड अचूकच होती.

आता त्या मुद्द्याकडे येते, ज्यात थोडं तथ्य आहे. 'अमेरिकेतल्या निम्म्या लोकांना चंद्रावर जाणं उधळपट्टी वाटत होतं.' हे खरं आहे. साठच्या दशकातले जनमताचे कौल पाहिले तर बहुतेक वर्षी अपोलोवरचा खर्च जास्त होतोय असंच मोठ्या संख्येने लोक म्हणत होते. प्रत्यक्ष चंद्रावर माणूस उतरला त्या सुमारास कुठे पाठिंबा निम्म्याच्या थोडा वर गेला. केनेडींनी २५ मे १९६१ ला चंद्राची घोषणा केली ती सिनेमा बघून नव्हे. सहा आठवड्यांपूर्वी, १२ एप्रिलला, युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता आणि अमेरिकेला सोव्हिएत संघाच्या मागे पडायचं नव्हतं. पैसा शीतयुद्धामुळे आला. आणि चंद्र एकदा जिंकल्यावर लोकांचा रसही ओसरला. १३ एप्रिल १९७० ला अपोलो १३ चे अंतराळवीर यानातून थेट प्रक्षेपण करत होते, आणि एकाही मोठ्या वाहिनीने ते दाखवलं नाही. थोड्याच वेळात यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा सगळं जग टीव्हीपाशी धावलं. हे सगळं मी मान्य करते.

पण यावरून 'करमणुकीने काही केलं नाही' हा निष्कर्ष निघत नाही. एखादी गोष्ट शक्य वाटणं वेगळं आणि तिच्यावर पैसा खर्चावासा वाटणं वेगळं. हॉवर्ड मॅककर्डी या अभ्यासकाचं अमेरिकन कल्पनाशक्ती आणि अवकाश या विषयावरचं १९९७ चं पुस्तक याच फरकावर उभं आहे, आणि या वादात मला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही सापडलेलं नाही. १९४९ मध्ये जनमताचे कौल घेणाऱ्या गॅलप संस्थेने लोकांना विचारलं, पन्नास वर्षांत माणूस चंद्रावर पोचेल का? फक्त १५ टक्के लोक हो म्हणाले. १९५७ पर्यंत ४१ टक्के लोक पंचवीस वर्षांच्या आत पोचेल असं म्हणायला लागले. मुदत निम्मी झाली आणि हो म्हणणारे अडीच पटींहून जास्त वाढले. १९५७ हे स्पुटनिकचंही, म्हणजे सोव्हिएत संघाने सोडलेल्या पहिल्या कृत्रिम उपग्रहाचंही वर्ष, तेव्हा सगळं श्रेय एकाच गोष्टीला देता येणार नाही. पण मधल्या आठ वर्षांत काय घडलं ते बघाच.

२२ मार्च १९५२ ला 'कॉलियर्स' या लाखोंच्या खपाच्या साप्ताहिकाने अवकाशप्रवासावर लेखमाला सुरू केली. ती १९५४ पर्यंत चालली. मजकूर वेर्नर फॉन ब्राउन, म्हणजे व्ही-२ बनवणारा आणि युद्धानंतर अमेरिकेत आलेला अभियंता, आणि त्याच्या सहकाऱ्यांचा, आणि चित्रं चेस्ली बोनस्टेलची. बोनस्टेल मूळचा वास्तुरचनेतला माणूस, मग हॉलिवूडमध्ये सिनेमांच्या पार्श्वभूमी रंगवणारा. त्याने काढलेले ग्रह फोटोसारखे दिसायचे. दवाखान्यात, न्हाव्याच्या दुकानात बसलेल्या माणसाने साप्ताहिक उघडावं आणि त्याला पृथ्वीभोवती फिरणारं चाकाच्या आकाराचं अवकाशस्थानक दिसावं! मग वॉल्ट डिस्नेने फॉन ब्राउनला टीव्हीवर आणलं. ९ मार्च १९५५ ला पहिला भाग, त्याच वर्षी डिसेंबरात चंद्रावरचा, १९५७ मध्ये मंगळावरचा. वॉर्ड किंबॉलच्या दिग्दर्शनाखाली कार्टूनमधून वजनरहित अवस्था समजावली, आणि मध्येच हातात रॉकेटचं मॉडेल घेतलेला खराखुरा अभियंता. कोट्यवधी घरांत जेवणाच्या वेळेला. फॉन ब्राउनकडे गणित आधीपासून तयार होतं. त्याला कमी पडत होता तो त्याच्या बोलण्याला वेड्यात न काढणारा श्रोता, आणि तो श्रोता या चित्रांनी आणि कार्टूननी तयार केला. केनेडींनी १९६१ मध्ये 'चंद्र' म्हटलं तेव्हा लोकांनी खर्चाबद्दल कुरकुर केली, पण 'हे होणं शक्यच नाही' म्हणून कोणी हसलं नाही. १९४९ मध्ये हसले असते.

आमच्या बाजूचे लोकही कधी कधी ताणतात, तेही सांगून टाकते. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या यंत्रामुळे मोबाइल फोनचा शोध लागला, असं हमखास ऐकू येतं. पहिला हातातला मोबाइल बनवणाऱ्या मार्टिन कूपरनेच सांगितलं आहे की त्याच्या मनात होता तो डिक ट्रेसी या कॉमिक्समधला मनगटावरचा रेडिओ. म्हणजे गोष्टच, पण दुसरी.

आता तो मुद्दा, ज्याच्यामुळे मला झोप लागली नाही. 'मुलींना या कल्पनाविश्वाचा नाद लावू नये, त्यातून त्यांच्या हाती काही लागत नाही.' दादा, हे वाक्य वाचून तू खोका भरलास. तुझ्या मुलाच्या खोलीत क्रिकेटची पोस्टर तशीच आहेत.

सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक' सुरू झाली. यानाच्या मुख्य कक्षात संदेशवहन सांभाळणारी अधिकारी होती उहुरा, आणि ती भूमिका करणारी निशेल निकोल्स कृष्णवर्णीय होती. त्या काळी अमेरिकन टीव्हीवर कृष्णवर्णीय बाई दिसायची ती बहुतेक मोलकरीण म्हणून. पहिल्या हंगामानंतर निकोल्सने मालिका सोडायचं ठरवलं होतं, तिला रंगभूमी खुणावत होती. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग तिला भेटले आणि सोडू नको म्हणाले. ते म्हणाले, ही एकच मालिका आहे जी आम्ही आमच्या मुलांना जागून बघू देतो. ती थांबली.

आता नासाकडे बघा. १९५९ मध्ये पहिले सात अंतराळवीर निवडले, तेव्हा अट होती जेट विमानांच्या चाचण्या घेणारा लष्करी वैमानिक असण्याची. बायकांना ते काम करूच देत नव्हते. दारावर 'बायकांना प्रवेश नाही' असं लिहावं लागलं नाही, अटीनेच काम भागवलं. पुढे स्पेस शटल आलं, त्यात वैमानिकांशिवाय शास्त्रज्ञही लागणार होते, आणि अट बदलली. पण वीस वर्षं बंद असलेलं दार उघडलंय यावर विश्वास कोण ठेवणार? १९७७ मध्ये नासाने हे सांगायला निशेल निकोल्सलाच गाठलं. तिने देशभर फिरून विद्यापीठांत, संस्थांमध्ये, टीव्हीवर जाऊन बायकांना आणि कृष्णवर्णीयांना अर्ज करायला लावलं. अर्ज आले आठ हजारांवर. जानेवारी १९७८ मध्ये ३५ जणांची निवड जाहीर झाली. त्यात सहा बायका, तीन कृष्णवर्णीय पुरुष आणि एक आशियाई वंशाचा. सॅली राइड त्याच तुकडीतली, १९८३ मध्ये अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री. ज्युडिथ रेस्निक, रोनाल्ड मॅकनेअर आणि एलिसन ओनिझुका हेही त्याच तुकडीतले. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर या स्पेस शटलच्या अपघातात ते गेले. नुसता नाद असता तर माणसं एवढी किंमत मोजायला तयार झाली असती का?

आणि मे जेमिसन. शिकागोत वाढणारी एक मुलगी टीव्हीवर उहुराला बघायची. तिला त्या यानात आपल्यासारखी दिसणारी कोणीतरी सापडली. ती मुलगी इंजिनिअर झाली, डॉक्टर झाली, आणि १२ सप्टेंबर १९९२ ला अंतराळात जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री झाली. कामाची पाळी सुरू करताना ती उहुराचंच मालिकेतलं वाक्य उच्चारायची. परत आल्यावर त्याच मालिकेच्या पुढच्या पर्वात छोट्या भूमिकेत झळकलीसुद्धा. तिच्या हाती काय लागलं, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

मुलीला गणित आलंच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण गणित येणाऱ्या किती मुली माझ्या वर्गातून दरवर्षी उत्तम गुण घेऊन बाहेर पडतात, आणि 'पुढे काय?' विचारलं तर त्यांना स्वतःचं एकही चित्र डोळ्यांपुढे आणता येत नाही. घरात नात्यातल्या कुणाचं तसं उदाहरण नाही, गावात नाही. मग ते चित्र त्यांना दाखवणार कोण? तुझ्या मुलीला ते एका पुस्तकात दिसलं होतं.

इस्रोचा मुद्दा लवकर उरकते. 'इस्रो टीव्हीच्या वाटेला गेली नाही' हे लिहिणाऱ्याने इस्रोचा इतिहास उघडूनही पाहिलेला नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, नासाकडून घेतलेल्या उपग्रहावरून, इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही नेला. साइट म्हणतात तो हाच प्रयोग, विक्रम साराभाईंच्या मनातला, त्यांच्या पश्चात पार पडलेला. त्यात शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम होते आणि ते बनवण्यात इस्रोचा स्वतःचा हात होता. रॉकेट उडवणारी संस्थाच मुलांना पडद्यावर विज्ञान दाखवत होती.

आणि आपल्या मराठीत जयंत नारळीकर होऊन गेले. विश्वाच्या रचनेवर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलबरोबर काम केलेला माणूस. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली, नारायण विनायक जगताप या नावाने, आपल्या नावाचं वजन पडू नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे कित्येक वर्षं ते कथा लिहीत राहिले. गणित जाणणाऱ्या माणसाने गोष्टीत वेळ घालवू नये असं त्यांना वाटलं नाही. ज्याला वाटतं त्याने आधी त्यांचं गणित वाचून दाखवावं.

राहिला स्टुडिओतल्या चांद्रविजयाचा मुद्दा. सिनेमाचा अवकाशाशी संबंध नाही असं आधी म्हणायचं आणि शेवटी सगळं अवकाशच सिनेमात घडलं म्हणायचं, ही दोन्ही वाक्यं एकाच मेसेजमध्ये आहेत. ३८२ किलो दगडमाती तिथून आली, देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी ती तपासली. अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर आजही लेझर सोडून चंद्राचं अंतर मोजतात. आणि आपल्याच चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने अपोलो ११ उतरल्याची जागा टिपली आहे. यावर याहून जास्त शब्द मी खर्च करणार नाही.

दादा, यातलं एखादं वाक्य खोटं वाटलं तर फोन कर, रात्री अकरानंतर केलास तरी चालेल. पण त्याआधी खोका खाली काढ. सगळ्यात वर 'चंद्रावर स्वारी' आहे. तिने मला सांगितलंय, तोफ डागायच्या आधीच्या पानावर खूण घातलेली आहे. तेवढं तिला वाचून संपवू दे आणि दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे पाठव. सातवीत आहे, वर्ग आणि भागाकार तिला येतो, एवढं पुरे आहे. त्या नळीतल्या तीन माणसांचं पुढे काय होईल, याचं उत्तर मी तिच्याकडूनच काढून घेणार आहे.